क्लच धरत नाही की सुटत नाही? जुन्या गाडीचा क्लच झिजला आहे का, हे कसे ओळखावे

वापरलेली गाडी घेतल्यानंतर पहिल्या वर्षात जी तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते, ती ‘क्लच गेला’ ही. गिअर अडकला तरी क्लच गेला, चढावर गाडी ओढेना तरी क्लच गेला, निघताना गाडी थरथरली तरी क्लच गेला, आणि पेडल दाबल्यावर आवाज आला तरी गेला तो क्लचच. गॅरेजमध्ये यांतल्या कोणत्याही तक्रारीवर बहुधा एकच उपाय सांगितला जातो: गिअरबॉक्स उतरवायचा आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलायचा. कधी तो उपाय बरोबरही असतो. माझ्या बाबतीत मात्र तो एकदा साफ चुकीचा ठरला, आणि दुसऱ्या गाडीला त्याची खरोखर गरज होती तेव्हा विकणाऱ्याने क्लच ठणठणीत असल्याचे माझ्या डोळ्यांदेखत ‘सिद्ध’ करून दाखवले आणि मी ते मानले. या दोन चुकांची किंमत मोजल्यावर जी तपासणी हाती लागली, ती येथे लिहीत आहे.

धरणे आणि सोडणे

क्लचला कामे दोनच असतात. पेडलवरून पाय काढला की धरायचे आणि पेडल दाबले की सोडायचे. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील, म्हणजे एक जड चाक, फिरत असते. त्याच्या आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये, दोन्ही बाजूंना अस्तर असलेली क्लच प्लेट चिमटीत धरल्यासारखी दाबलेली असते, आणि ही क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेली असते. चिमटीचा जोर डायफ्रॅम स्प्रिंगचा असतो. आपण पेडल दाबतो तेव्हा केबल किंवा द्रवाच्या दाबाने फोर्क नावाची तरफ हलते, ती रिलीज बेअरिंगला पुढे ढकलते, बेअरिंग स्प्रिंगच्या मधल्या पाकळ्या दाबते आणि चिमटी सैल होते.

यात झिजते ते मुख्यतः अस्तर. ते पातळ झाले की स्प्रिंगला दाबायला पुरेसे काही उरत नाही, चिमटीचा जोर उतरतो आणि इंजिन जितके फिरते तितकी प्लेट फिरत नाही. यालाच आपण क्लच स्लिप होणे म्हणतो. म्हणजे झीज हा ‘न धरण्याचा’ दोष आहे. याउलट गिअर सहज न पडणे, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज होणे, पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहणे हे ‘न सोडण्याचे’ दोष आहेत, आणि त्यांचे मूळ बहुतेक वेळा केबल, द्रवाच्या क्लचमधले मास्टर (पेडलकडचे) किंवा स्लेव्ह (फोर्ककडचे) सिलिंडर, फोर्क अथवा पेडलचा चुकलेला प्ले (विरोध लागेपर्यंतची मोकळी हालचाल) यांत असते. वाकलेली प्लेट किंवा शाफ्टवर गंजून अडकणारी प्लेट असे अपवाद आहेत. परंतु नुसत्या झिजेने क्लच सुटायचा थांबत नाही. एवढा एक भेद आधी केला असता तर माझे पहिले पैसे वाचले असते.

ती गाडी केबलच्या क्लचची छोटी पेट्रोल हॅचबॅक होती. पहिला गिअर पडायला अडू लागला, सकाळी गाडी मागे घेताना आवाज येऊ लागला. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि म्हणाला, “साहेब, क्लच संपला. आज नाही तर महिन्याने करायचाच आहे.” सेट बदलला, मजुरीसह साडेसात हजार झाले, आणि तिसऱ्या दिवशी गिअर पुन्हा अडला. शेवटी दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी पेडलच्या वरच्या बाजूला बॅटरी मारून दाखवली. केबलच्या आतल्या तारांपैकी निम्म्याहून अधिक तारा आकड्यापाशी तुटून कुंचल्यासारख्या पसरल्या होत्या, आणि उरलेल्या ताणल्या जात होत्या. पेडल पूर्ण दाबूनही फोर्क पूर्ण हलत नव्हता. नवी केबल काही शे रुपयांत आली. काढलेली जुनी प्लेट मी घरी आणून ठेवली होती; तिच्या अस्तरावरच्या खाचा चांगल्या खोल होत्या आणि रिव्हेटची डोकी अस्तराच्या पातळीपासून एक मिलिमीटरहून जास्त आत होती. म्हणजे प्लेट अजून बरीच चालली असती.

म्हणून तक्रार सुटण्याची असेल तर पुढील दोन गोष्टी आधी पाहाव्यात. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवावी, पेडल पूर्ण दाबावे, मनात चार-पाच अंक मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्याआधी फेरे जुळवून घेणारा भाग, नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटला असेल तर चार-पाच सेकंदांत शाफ्ट थांबलेला असतो आणि गिअर मुकाट्याने पडतो. खरखर झाली तर क्लच सुटत नाही. त्यानंतर पेडल तीन-चार वेळा भराभर दाबून पुन्हा तेच करावे. या वेळी गिअर सोपा पडला तर द्रवाच्या वाटेत हवा आहे किंवा गळती आहे. डोके आत घालून पेडलमागच्या मास्टर सिलिंडरच्या दांड्याभोवती बोट फिरवावे. बोट ओले झाले तर गिअरबॉक्स उतरवण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवावा.

पेडल कुठे धरते यावर भिस्त ठेवू नये

जुनी गाडी पाहायला गेल्यावर सोबतचा माहीतगार पहिले काम करतो ते पेडल हळूहळू सोडून ‘वर धरतोय’ किंवा ‘खाली धरतोय’ असा निकाल देण्याचे. केबलच्या गाडीत या निकालाला थोडा आधार आहे. अस्तर झिजत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, स्प्रिंगच्या पाकळ्या उलट बाजूला, म्हणजे बेअरिंगकडे येतात, केबल तंग होते, पेडलचा मोकळा प्ले कमी होतो आणि क्लच वर धरू लागतो. परंतु हा सगळा खेळ केबलच्या टोकाच्या एका नटाने दोन मिनिटांत बदलता येतो. विकणाऱ्याने आदल्या दिवशी नट सैल करून घेतला असेल तर झिजलेला क्लचही मधोमध धरेल. द्रवावर चालणाऱ्या क्लचमध्ये तर स्लेव्ह सिलिंडर झिजेप्रमाणे आपोआप मागे सरकतो, म्हणून पेडलची उंची झिजेबद्दल फारसे काही सांगतच नाही. तिथे पेडल खाली धरू लागले तर तो हवेचा किंवा गळतीचा इशारा असतो.

तरीही दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली म्हणजे तो नटच. बोनेट उघडून केबल जिथे फोर्कच्या दांड्याला जोडली आहे तिथे पाहावे. केबल मूळची असेल आणि नट सैल करत करत आट्यांच्या शेवटापर्यंत आलेला असेल तर प्लेट बरीच झिजली आहे, कारण झीज नट सैल करायला लावते आणि केबल ताणली जाणे नट आवळायला लावते. नट आणि आटे तेलकट, स्वच्छ, आणि आजूबाजूचे सगळे धुळीने माखलेले दिसले तर तिथे नुकताच पाना लागला आहे असे खुशाल समजावे. दुसरी खूण पेडलच्या जडपणाची. अस्तर पातळ झाले की पाकळ्यांचा कोन बदलतो आणि त्यांना दाबायला जास्त जोर लागतो. ‘क्लच हार्ड झालाय’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक नसते. मात्र सुकलेली केबल आणि कोरडी पडलेली फोर्कची खीळ यांनीही पेडल असेच जड होते.

प्ले मोजायचाच तर शाळेची पट्टी पुरते. पट्टी पेडलशेजारी उभी धरावी, बोटाने पेडल दाबावे आणि खरा विरोध लागेपर्यंत ते किती खाली गेले ते वाचावे. केबलच्या लहान गाड्यांत हा आकडा साधारण १० ते २५ मिलिमीटर असतो; नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. आकडा शून्य आला तर पुढची कोणतीही चाचणी करण्याआधी प्ले ठीक करून घ्यावा, कारण प्ले नसेल तर रिलीज बेअरिंग सतत पाकळ्यांवर टेकून राहते आणि चांगला क्लचदेखील स्लिप होतो. क्लच पेडलवर डावा पाय टेकवून गाडी चालवण्याची सवय नेमके हेच करते.

हँडब्रेकच्या चाचणीने काय सिद्ध होते

दुसरी गाडी घेतली तेव्हा ती अकरा वर्षे जुनी होती, १.३ लिटरची डिझेल हॅचबॅक, मीटरवर ९०,००० किलोमीटरच्या आसपास. विकणाऱ्या काकांनी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला आणि इंजिन बंद पडले. “बघा, पडली ना बंद? क्लच एकदम ए-वन आहे.” सोबत आलेल्या मित्रानेही मान डोलावली, आणि व्यवहार झाला.

ही चाचणी खोटी नाही. ती अपुरी आहे. इंजिन बंद पडते त्या क्षणी ते हजार-बाराशे आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) असते, टर्बो झोपलेला असतो आणि इंजिनाचा जोर त्याच्या पूर्ण ताकदीचा एक अंशच असतो. त्या वर्गातले १.३ लिटरचे डिझेल इंजिन २,००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. क्लच त्यातले १३० धरू शकत असला तरी या चाचणीत तो बिनबोभाट उत्तीर्ण होतो, आणि टर्बो जागा झाल्यावर रस्त्यावर नापास होतो. म्हणून या चाचणीचा अर्थ एकाच बाजूने घ्यावा: इंजिन बंद न पडता चालूच राहिले आणि गाडी जागची हलली नाही, तर क्लच निश्चित स्लिप होतो आहे, इंजिन बंद पडले तर काहीच सिद्ध झालेले नाही. शिवाय ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नये. एकदा पुरे. स्लिप होणारा क्लच यात काही सेकंदांतच तापतो, आणि बिचाऱ्या पुढच्या गिऱ्हाइकासाठी तो आपणच जाळून ठेवतो.

आरपीएमच्या काट्याची चाचणी

तीन आठवड्यांनी आम्ही चौघे एसी लावून सासवडला निघालो. हडपसर, फुरसुंगी, वडकीपर्यंत काही जाणवले नाही. दिवे घाट सुरू झाला, तिसऱ्या गिअरमध्ये पुढच्या टेम्पोला मागे टाकण्यासाठी पाय दाबला, आणि आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला. इंजिनाचा आवाज चढला, वेग मात्र होता तिथेच राहिला. पाय हलका केला की काटा खाली येई आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू लागे. वर पोहोचेपर्यंत गाडीत एक वास भरला होता, जळका कागद आणि जळके रबर यांच्या मधला, घशात बसणारा. मागच्या सीटवरून विचारणा झाली की बाहेर कोणी टायर जाळले आहेत काय.

त्या दिवशी जे योगायोगाने दिसले तेच ठरवून पाहणे ही क्लचच्या झिजेची सर्वांत भरवशाची तपासणी आहे, आणि तिच्यामागचे तत्त्व अगदी साधे आहे. क्लच पूर्ण धरत असेल तर एका ठरावीक गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचे प्रमाण कधीही बदलत नाही. ते दातांच्या संख्येवर आणि चाकाच्या घेरावर ठरते. चढ, उतार, ओझे, एसी, अ‍ॅक्सिलरेटर यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नसतो. म्हणून आधी सपाट रस्त्यावर, अगदी हलक्या पायाने, एका गिअरमध्ये एका वेगाला आरपीएम किती आहे ते टिपून घ्यावे. मग चढावर किंवा पाय पूर्ण दाबून, त्याच गिअरमध्ये त्याच वेगाला पुन्हा वाचावे. दोन्ही आकडे तेच यायला हवेत.

दुसऱ्या रविवारी मी आणि मित्राने असेच केले. सपाटीवर, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४८ किलोमीटरला आरपीएम २,००० होता. दिवे घाटाच्या चढावर पाय दाबून ठेवलेला असताना ताशी ४८ ला तोच काटा २,४०० दाखवत होता. मधले ४०० फेरे प्लेट आणि फ्लायव्हील यांच्या मध्ये घासण्यात जात होते. म्हणजे इंजिनाच्या दर सहा फेऱ्यांतला एक फेरा वाटेत हरवत होता. हा फेरा कुठे जातो याचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. १९० न्यूटन मीटर टॉर्क आणि ४०० आरपीएमचा फरक धरला तर जवळपास आठ किलोवॅट उष्णता होते. घरातले दोन-दोन किलोवॅटचे चार गिझर एका ताटलीएवढ्या प्लेटवर एकदम चालू केल्यासारखे हे आहे. त्या वासाचे मग नवल उरत नाही.

ही चाचणी करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. गिअर वरचा असावा: सपाट रस्त्यावर चौथा किंवा पाचवा, घाटात तिसरा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन इतक्या झपाट्याने वेग घेते की त्याच्या ताकदीचा बराचसा भाग स्वतःलाच फिरवण्यात खर्च होतो आणि क्लचवर पूर्ण भार येतच नाही; शिवाय काटा इतका भरभर पळतो की डोळ्याला फरक कळत नाही. डिझेल गाडीत दीड हजारांच्या आसपास पाय पूर्ण दाबावा आणि टर्बो जागा होण्याची वाट पाहावी, कारण दोष असेल तर तो तिथेच, १,८०० ते २,५०० च्या दरम्यान बाहेर पडतो. गाडी आधी निदान वीस-पंचवीस मिनिटे चाललेली असावी. थंड क्लच गरम क्लचपेक्षा चांगला धरतो, आणि सोसायटीभोवती पाच मिनिटांची चक्कर मारून कोणताही क्लच चांगलाच वाटतो. विकणाऱ्याला लांबच्या चकरेला हरकत असेल, तर ती हरकतच नोंदवून ठेवण्यासारखी असते.

काट्यावर आकडा नीट वाचता येत नाही, आणि बऱ्याच गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये आरपीएमचा काटाच नसतो. अशा वेळी ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याच्या खोबणीला, लावायचा ब्लूटूथचा छोटा डोंगल उपयोगी पडतो. तो काही शे रुपयांत मिळतो आणि मोबाइलच्या पडद्यावर आरपीएम व वेग दोन्ही आकड्यांत दाखवतो. सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ असते. आकडे चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने वाचावेत आणि बोलून दाखवावेत. घाटात मोबाइलकडे पाहण्याइतका वेळ चालवणाऱ्याजवळ नसतो. आमच्या त्या चाचणीत मित्र मोठ्याने आकडे वाचत होता आणि मी फक्त पाय दाबून धरत होतो. प्रमाण काढायला सोपे जावे म्हणून आरपीएमला वेगाने भागावे: सपाटीवर आमचे उत्तर ४१ ते ४२ च्या दरम्यान येई, चढावर ५० आले. आकडे वाचताना होणारी चूक आणि डोंगलचा थोडा उशीर लक्षात घेता दोन-तीन टक्क्यांच्या फरकाला मी महत्त्व देत नाही. परंतु फरक दहा टक्क्यांच्या वर गेला आणि दोन-तीन वेळा तसाच आला, तर शंकेला जागा उरत नाही.

स्लिप होतो, पण झीज नाही

स्लिप सिद्ध झाला म्हणजे अस्तर संपलेच असे मात्र नाही. मघाशी सांगितलेला शून्य प्ले हे एक कारण. ते फुकटात दुरुस्त होते, म्हणून तेच आधी तपासावे. दुसरे कारण ऑइलचे. इंजिनाच्या मागच्या टोकाचे किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील गळू लागले की ऑइल थेट अस्तरावर येते आणि जाड, नवे अस्तरही सरकू लागते. अशा गाडीत स्लिपच्या जोडीला निघताना थरथर जाणवते, आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या सांध्याच्या तळाशी काळपट ओल दिसते. प्लेट बदलून सील तसेच ठेवले तर काही महिन्यांत पुन्हा तोच खर्च उभा राहतो. आणि ‘नवा क्लच टाकूनही स्लिप होतो’ अशी तक्रार जिथे असते तिथे बहुधा हेच झालेले असते.

कधी कधी क्लचवर आळ येतो आणि दोषी भलताच असतो. गाडी चढावर ओढत नाही पण आरपीएमही वाढत नाही, दोन्ही एकत्रच अडखळतात, तेव्हा क्लच निर्दोष आहे. एअर फिल्टर, टर्बोचा फुटलेला होज, इंजेक्टर किंवा घासणारे ब्रेक तपासावेत. प्रमाणाची चाचणी येथेही दोन मिनिटांत निवाडा करते. निघताना होणारी थरथर ही तापून डागाळलेल्या फ्लायव्हीलची असू शकते, तशीच इंजिनाच्या तुटलेल्या माउंटिंगचीही, म्हणजे इंजिन तोलून धरणाऱ्या रबरी आधाराचीही, असते, आणि माउंटिंग बदलणे फार स्वस्त पडते. आवाजाचे गणित साधे आहे: न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर येतो तो रिलीज बेअरिंगचा, पेडल सोडलेले असताना येतो आणि दाबल्यावर थांबतो तो गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगचा. इंजिन नुसते चालू असताना खडखड येते आणि बंद करताना धडधडून थांबते, तर डिझेल गाडीत डबल मास फ्लायव्हीलचा, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेल्या दोन भागांच्या फ्लायव्हीलचा, संशय घ्यावा. त्याचा खर्च साध्या क्लच सेटच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे गाडीत ते आहे की साधे फ्लायव्हील आहे हे भाव ठरवण्याआधी विचारून घ्यावे.

वासाबद्दल एक खुलासा करायला हवा. चढावर गाडी मागे घेताना किंवा अरुंद बोळात हाफ क्लचवर पार्किंग करताना चांगल्या क्लचलाही वास येतो, आणि तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. सरळ रस्त्यावर, गिअरमध्ये, पेडलला पाय न लावता वास येत असेल तर मात्र तो पुरावा आहे.

आपोआप गिअर बदलणाऱ्या एएमटी गाड्यांतही, म्हणजे २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे रुळू लागलेल्या प्रकारात, आत हाच कोरडा क्लच असतो. फक्त पेडल दाबण्याचे काम यंत्र करते. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याच्या सवयीने तो मालकाच्या नकळत झिजतो. येथे हँडब्रेकची चाचणी जमत नाही, परंतु मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवला तर प्रमाणाची चाचणी जशीच्या तशी लागू पडते.

भाव, आणि गिअरबॉक्स उतरल्यावर

क्लच किती किलोमीटर चालतो याचे एक उत्तर देता येत नाही. महामार्गावर धावलेल्या टॅक्सीचा क्लच दीड-दोन लाख किलोमीटर गेल्याची उदाहरणे आहेत, आणि रोज सिग्नलला हाफ क्लचवर रेंगाळणारी, नवशिक्याच्या हातची गाडी पन्नास हजारांतही संपवते. म्हणून मीटरवरच्या आकड्यापेक्षा गाडी कुठे आणि कोणी चालवली हे विचारणे जास्त उपयोगाचे आहे. क्लच आधीच बदललेला आहे असे सांगितले गेले तर बिल मागावे आणि त्यावर फक्त प्लेट आहे की पूर्ण सेट आहे ते पाहावे. नुसती प्लेट बदललेली गाडी मी क्लच न बदललेलीच समजतो, कारण जुन्या, तापून सैल झालेल्या स्प्रिंगखाली नवे अस्तरही लवकर सरकते.

स्लिप सिद्ध झाला म्हणून गाडी सोडून द्यावी असे माझे मत नाही. क्लच हा झिजणारा भाग आहे, आणि बाकी गाडी चांगली असेल तर पूर्ण सेट, मजुरी आणि फ्लायव्हीलची फेसिंग (लेथवर पृष्ठभाग सपाट करणे) यांचा लेखी अंदाज दोन ठिकाणांहून आणून तेवढी रक्कम भावातून कमी करून मागावी. आकड्यांचे प्रमाण मोबाइलवर दाखवता येत असल्यामुळे या बोलण्यात वाद फारसा होत नाही. माझ्या ओळखीतल्या एका विकणाऱ्याने तर आकडे पाहून स्वतःच विषय काढला. स्लिप होणारी गाडी घरापर्यंत आणायची असेल तर वरच्या गिअरमध्ये पाय दाबू नये, घाट टाळावा आणि वास येताच दहा-पंधरा मिनिटे थांबावे. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने ती बहुधा पोहोचते.

काम करून घेताना शक्यतो समोर उभे राहावे. माझ्या डिझेल गाडीची प्लेट बाहेर आली तेव्हा तिच्यावरच्या खाचा पुसल्या गेल्या होत्या, एका बाजूला रिव्हेटची डोकी अस्तराच्या बरोबरीला आली होती, आणि फ्लायव्हीलवर निळ्या-जांभळ्या रंगाचे डाग उमटले होते. रिव्हेटपासून अस्तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरले की बहुतेक मॅन्युअल प्लेट बदलायला सांगतात. इथे ते शून्य होते. मिस्त्रींनी फ्लायव्हील लेथवर पाठवायच्या आधी त्यामागच्या सीलभोवती कोरडे फडके फिरवून दाखवले. फडके कोरडेच निघाले, तरीही सील बदलून घेतले, कारण गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याच्या मजुरीपुढे त्या सीलची किंमत काहीच नव्हती. गाडी हातात आल्यावर त्याच मित्राला शेजारी बसवून दिवे घाटात पुन्हा गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४८ ला, पाय पूर्ण दाबलेला असताना, त्याने वाचलेला आकडा होता २,०१०.